पंधरा तोंडे, दोन एकर

खेड्यातल्या मोठ्या कुटुंबाविषयी आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोलले जाते. कुणी त्याचे गोडवे गातो, कुणी त्याला अडाणीपणा म्हणून हिणवतो. मी कर्जत तालुक्यातल्या पोशीरचा. आईबाप, आम्ही सहा भावंडे, चुलता-चुलती, त्यांची चार मुले आणि आजी अशी पंधरा माणसे एका चुलीवर जेवत. भाताची जमीन दोन एकर. तीही महारवतनाची. १९५८ च्या कायद्याने वतन गेले आणि कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन आजोबांच्या नावावर झाली.

भातशेतीची रीत पाहा. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडाला पेरायचे, आवण वाढले की उपटून चिखलात लावायचे. लावणी लांबली की पीक उतरते. त्या दिवसांत साऱ्या गावाला एकदमच माणसे हवी असतात. ज्याच्यापाशी मजुरीला रोकड नाही, त्याचे भांडवल म्हणजे घरातले हात. हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. मात्र लावणी-कापणी सरली की हात रिकामे आणि तोंडे तेवढीच.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही, त्यावर लावायला भांडवल आणि श्रम किती आहेत यावरून ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. शेतीवर साचलेली जादा माणसे उद्योगधंद्यांत गेली पाहिजेत, हा त्यांचा उपाय.

आमच्या घरातून बाहेर पडलो तो मी. पण कुणाच्या जिवावर? थोरली बहीण चौथीतून निघाली. धाकटी पोरे तिच्या कडेवर, लावणीला तिचे हात. मी शाळेत बसलो, कारण ती चिखलात उभी होती. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे ही बाजू सांगत नाहीत.

दोन एकर म्हणजे ८० गुंठे. बापाच्या वाट्याला ४० आले. आता सहा भावंडांत वाटायचे तर प्रत्येकी सात गुंठेही नाहीत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी घरात ठरले की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात. मी विरोध केला. सात गुंठ्यांत कुणाचे पोट भरणार नाही, हे मलाही कळते. पण जिच्या शाळेवर माझी पदवी उभी आहे, तिचे नाव सातबाऱ्यावर नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही.