टेबलावरचं रणांगण – भाग 5 : असईची दुपार

मागच्या भागात आपण प्रशियाच्या लष्करात 1824 मध्ये रूढ झालेला युद्धखेळ पाहिला, आणि त्यात पंचाशिवाय पान का हलत नाही तेही पाहिलं. आज प्रत्यक्ष डाव. मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलावर, आम्ही सात जणांनी असईची लढाई मांडली.

लढाई 23 सप्टेंबर 1803 ची. आजच्या जालना जिल्ह्यात केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांची एकत्र फौज तिथे होती. तिच्यावर आर्थर वेलस्ली चालून आला, पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला तोच. शिंद्यांच्या कवायती पलटणींत दहा हजारांवर पायदळ होतं, शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि भोवती तीस हजारांवर घोडदळ. वेलस्लीची प्रत्यक्ष लढलेली माणसं साडेचार हजारांच्या घरातली. म्हैसूरचं आणि पेशव्यांचं मित्रघोडदळ त्याने केळनेच्या दक्षिणेलाच ठेवलं होतं.

आमच्या हिशेबात टेबलावरचा एक इंच म्हणजे चाळीस मीटर आणि पायदळाचा एक बाहुला म्हणजे चाळीस माणसं. म्हणजे शिंद्यांच्या पलटणींना दोनशे सत्तर बाहुले लागले. घोडदळाला हाच हिशेब लावला असता तर साडेसातशे घोडे लागले असते. आमच्याकडे साठ होते, म्हणून तिथे एका घोड्यामागे पाचशे स्वार धरले. बोरिवलीचा मित्र दादरला गाडी बदलून बुटांच्या खोक्यांतून सगळा तोफखाना घेऊन आला. जमिनीवर दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेला हिरवा भुसा पसरला, नद्यांना सॅटिनच्या निळ्या पट्ट्या लावल्या. तोफ उडाली की तिच्या तोंडाशी वातींच्या कापसाचा पुंजका ठेवायचा आणि ती पुन्हा भरून झाली की काढायचा. तिसऱ्या पाळीला केळनेपासून असईपर्यंत कापसाची सलग रांग दिसू लागली, तेव्हा हॉलमधलं बोलणं आपोआप कमी झालं.

मराठी फौज केळनेकाठी दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीने पूर्वेला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली, तिथे उतार असणारच हे ताडलं आणि नदी ओलांडून तो फौजेच्या बगलेवर आला. आता रांगेला काटकोनात वळावं लागणार. पुस्तकात हे एका वाक्यात उरकतं. टेबलावर मात्र चाळीस इंचांची रांग वळवायला घेतली की बाहेरच्या टोकाला साठ इंचांवर चालावं लागतं, आणि पायदळ एका पाळीत चारच इंच सरकतं. म्हणजे पंधरा-सोळा पाळ्या, आणि तोवर शत्रू अंगावर. उपाय एकच. रांग मोडून पलटण पलटण सुटी करायची, प्रत्येकीला स्वतंत्र चालवायचं आणि नव्या जागी पुन्हा उभं करायचं. आमच्या खेळाडूची यात दोनदा गल्लत झाली. शिंद्यांच्या पलटणींनी हे त्या दुपारी खरोखरच्या रणात, हानोव्हरच्या पोलमान या सरदाराच्या हाताखाली, नीट करून दाखवलं. वेलस्लीला ती अपेक्षा नव्हती. ‘असईला मराठे उधळले’ एवढंच शाळेत शिकलेल्या माणसाने हे एकदा हाताने करून पाहावं.

पुढचं गणित तोफांचं. छऱ्यांचा मारा आमच्याकडे आठ इंच, बंदुकीचा अडीच. म्हणजे चालून येणाऱ्या पलटणीला बंदूक झाडण्याआधी दोन पाळ्या नुसता मार खायचा असतो. इंग्रजांची उजवी बाजू खेळणाऱ्याने जागा मिळावी म्हणून आपली रांग असईच्या दिशेने पुढे सरकवली आणि त्याची 74 वी स्कॉटिश पलटण दोन पाळ्यांत निम्मी झाली. खऱ्या लढाईतही हीच पलटण तिथेच कापली गेली, शेवटी मॅक्सवेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या घोडदळाने तिला सोडवलं. मधल्या रांगेतले मराठी गोलंदाज संगिनी अंगावर आल्या तरी तोफा सोडून हटले नाहीत. काही मेल्याचं सोंग घेऊन पडले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि तोफा मागून त्यांच्यावर फिरवल्या.

मग एवढं असून हरलो का? माझं उत्तर त्या साठ घोड्यांत आहे. आमच्या नियमात सरदारांनी आपसात बोलायचं नाही. चिठ्ठी पंचाकडे द्यायची, ती पुढच्या पाळीत पोचते. घोडदळ ज्याच्या हाती होतं त्याला पोलमानच्या तीन चिठ्ठ्या पोचल्या. चार पाळ्या तो हलला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, “माझी फौज शाबूत आहे, ती कशाला घालवू?” खऱ्या लढाईतही घोडदळाचा मोठा भाग लढाईबाहेरच राहिला. त्यातून युद्ध सुरू होताना शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनीने जाहीरनामा काढून फोडलं होतं. माणसं होती, तोफा होत्या, धैर्य तर अपरंपार होतं. सगळ्यांना एका वेळी हलवणारा हुकूम नव्हता.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ती लढाई संपली. वेलस्लीची जवळजवळ सोळाशे माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे लढलेल्यांतला तिसरा हिस्सा. मराठ्यांच्या 98 तोफा त्याच्या हाती लागल्या.

पुढच्या आठवड्यात हाच डाव पुन्हा मांडू, घोडदळ मात्र दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन. केळनेच्या काठावर ते घोडे तुमच्या हुकमात असते तर तुम्ही कितव्या पाळीला हलला असता, ते तोवर ठरवून ठेवा.