लाइट आली, लिनक्स यायचंय

व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प खटका दाबल्याबरोबर वाजत नाही. काचेच्या नळ्यांतली तार तापायला अर्धा मिनिट तरी जातो आणि तेवढ्या वेळात वादक केबलींचा गुंता सोडवून घेतो. कुणाची तक्रार नसते. फेंडर आणि मार्शलच्या बऱ्याच ॲम्पांना स्टँडबायचा वेगळा खटका असतो. मध्यंतरात आवाज बंद, नळ्या गरम. पण याच ॲम्पची नक्कल करणारा डिजिटल डबा, पोटात एकही नळी नसताना, तेवढाच वेळ खातो तेव्हा तापतं ते माझं डोकं.

मी पोटापाण्यासाठी एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिते आणि गणपती-नवरात्रात पुण्याच्या आसपासच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवते. मांडवात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. जनरेटर धरतो, ऑक्टोपॅड चार-दोन सेकंदांत हजर, पाठोपाठ कीबोर्ड. ढोलकीला तर काही झालेलंच नसतं. माझ्या पेडलवरचा, म्हणजे त्या डिजिटल डब्यावरचा दिवा मात्र लुकलुकतच असतो आणि साउंडवाले काका मिक्सरमागून ओरडतात, "ताई, लाइट आली की!" लाइट आलीय हो काका, लिनक्स यायचंय.

हे लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी यंत्रणा, गिटारमध्ये कुठून शिरलं? ॲम्पचा आवाज गणिताने घडवायची कल्पना जुनी आहे. रोलँडचं व्हीजी-८ १९९५मध्ये आलं, लाइन सिक्सचं लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचं पॉड १९९८मध्ये. तशा यंत्रांत एकच काम करणारी चिप आणि तिच्यासाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असे. वीज मिळाली की प्रोग्रॅम सुरू, मधे कुणी नाही. आता बऱ्याच पेडलांच्या पोटात अख्खा संगणक बसलाय. बर्लिनच्या मॉड कंपनीची पेडलं लिनक्सवर चालतात. माझं घरगुती पेडल म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर साउंड कार्ड आणि स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' हे मुक्त सॉफ्टवेअर. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक सिग्नल सोडायचा, बाहेर काय येतं ते रेकॉर्ड करायचं आणि दोन्हींतला फरक न्यूरल नेटवर्कला शिकवायचा, अशी त्याची रीत. आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो आणि ६४-६४ नमुन्यांच्या घासांनी पुढे सरकतो. एक घास १.३३ मिलिसेकंदांचा. इतकं चपळ काम करणाऱ्या यंत्राला उठायला ३५ सेकंद लागावेत, हे मला सहन होईना.

हा प्रश्न गिटारवाल्यांच्या आधी लॅपटॉपवाल्यांना पडला होता. २००८मध्ये इंटेलच्या आर्यन व्हॅन डे व्हेन आणि ऑके कॉक यांनी आसुसच्या ईईई पीसीवर लिनक्स ५ सेकंदांत उभं करून दाखवलं. सेकंद-सेकंद छाटत जायचं नाही, आधी अंदाजपत्रक मांडायचं, ही त्यांची पद्धत मला फार पटते. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला १ सेकंद, सुरुवातीच्या सेवांना १, ग्राफिक्सला १, डेस्कटॉपला २. ज्याला बसायचंय त्याने तेवढ्यात बसायचं. लॅपटॉपवर दर वेळी सेंडमेल हा टपाल पाठवणारा प्रोग्रॅम कशाला सुरू व्हावा, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

माझ्या पेडलमध्येही अशी बरीच बिनकामाची मंडळी निघाली. तयार लिनक्स सगळ्यांसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे ते सगळ्यांची सोय बघतं. ब्लूटूथ सुरू होत होतं. छपाईची सेवा उठत होती. एक प्रोग्रॅम मोबाइलचा मोडेम कुठे जोडलाय का ते शोधत होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आवाजाची सेवा नेटवर्क जोडलं जाण्याची वाट बघत बसली होती. घरी वाय-फाय चटकन सापडतं म्हणून ते जाणवत नाही. मांडवात वाय-फाय नसतं, मग ती मुदत संपेपर्यंत ताटकळते.

हे शोधायला 'सिस्टिमडी-ॲनालाइझ' ही कमांड लिनक्समध्येच असते. तिच्या एका यादीत कुणी किती वेळ घेतला ते उतरत्या क्रमाने दिसतं. नवखे त्या यादीच्या डोक्यावरचं नाव बंद करतात आणि एक सेकंदही वाचत नाही, कारण बरीच कामं एकाच वेळी चालू असतात. आठ सेकंद घेणारा कोपऱ्यात स्वतःपुरता काम करत असेल तर घेईना का! बघायची ती दुसरी यादी, कोण कुणासाठी अडलाय ती साखळी. तिच्यातून नेटवर्कची कडी काढल्यावर एकदम मोठा फरक पडला.

मला सर्वांत गंमत वाटली ती कर्नलच्या बडबडीची. कर्नल उठताना काय काय सापडलं ते ओळीओळीने सांगतो. सिरियल पोर्ट चालू असेल, तर हा मजकूर तिथेही जातो, तोही जुन्या वेगाने, सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला सुरुवात-शेवटाच्या खुणा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. मजकूर ३५,००० अक्षरांचा असेल, तर ३ सेकंद निव्वळ बोलण्यात जातात. त्या पोर्टला पलीकडे काही जोडलेलंही नसतं! कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या आदेशांच्या ओळीत 'क्वाएट' एवढा एक शब्द घातला की हे थांबतं.

मग माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅमची पाळी आली. तो उठल्या उठल्या सगळे साठवलेले आवाज मेमरीत भरत होता. एका मॉडेलची फाइल काही शे किलोबाइटांची, पण ढीगभर झाल्या की वाचून उलगडायला वेळ जातोच. आता शेवटी वापरलेला एकच आवाज आधी भरला जातो, गिटार वाजू लागते आणि बाकीचे मागाहून सावकाश येतात. आज खटक्यापासून पहिल्या सुरापर्यंत ९ सेकंदांच्या आसपास लागतात. त्यातले सुरुवातीचे काही रास्पबेरी पायच्या स्वतःच्या फर्मवेअरचे आहेत. ते बंदिस्त आहे, आतल्या कोडला मला हात लावता येत नाही.

अर्धा सेकंद मात्र मी मुद्दाम ठेवलाय. साउंड कार्ड जागं होताना आउटपुटला एक झटका येतो आणि मांडवातल्या मोठ्या स्पीकरांतून तो धाडकन ऐकू येतो. म्हणून आउटपुटवर एक रिले आहे. सगळं स्थिरावल्यावर टक असा आवाज करत तो जोडला जातो. हा वेळ छाटायला सांगणाऱ्याने आधी साउंडवाल्या काकांशी बोलून यावं.

वेगाइतकीच दुसरी काळजी मेमरी कार्डाची. स्टेजवर पेडल कुणी रीतसर बंद करत नाही, सरळ वायर उपटतात. त्या क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल, तर फाइली बिघडतात. पुढच्या वेळी तपासणीत वेळ जातो, किंवा पेडल उठतच नाही. म्हणून माझी सगळी सिस्टिम आता फक्त वाचण्यापुरती आहे. रास्पबेरी पायच्या सेटिंगांत तशी सोयच दिलेली आहे. जे काही लिहायचं ते रॅममध्ये जातं आणि वीज गेली की पुसलं जातं.

"एवढं करण्यापेक्षा पॉवर बँक लाव ना," असं आमचा कीबोर्डवाला म्हणतो. लावून बघितली. चार्ज होता होता वीज देणाऱ्या पॉवर बँका बऱ्याचदा मेन लाइन जाता-येताना क्षणभर आउटपुट तोडतात. आपल्याला तो क्षण दिसत नाही, पायला तेवढा पुरतो. अखंड वीज देणारं बॅटरीचं बोर्ड मिळतं आणि ते मी घेणारही आहे. पण बॅटरी कधीतरी उतरणारच आणि तेव्हा हे ९ सेकंद कामी येतील.

राहता राहिली बटणांची जागा. गेन, ट्रेबल कुठे होते ते आठवणीत ठेवायला कार्डाचा एक छोटा तुकडा लिहिण्यासाठी मोकळा ठेवलाय. बटण फिरवायचं थांबलं की दोन सेकंदांनी तिथे नोंद होते. नेमकी त्या दोन सेकंदांत लाइट गेली, तर आधीचा आवाज परत येतो. गाणं सुरू व्हायला तेवढं पुरतं, बाकीचं मी वाजवता वाजवता जुळवून घेते.