जुन्या पिकअपच्या हीटरची गळती : ओळख व उपाय

अंबड तालुक्यातील मोसंबी, कापूस व भाजीपाला बाजारास पोहोचविण्याचे काम आज बहुतांशी पिकअप गाड्यांवर चालते. अशा काही जुन्या गाड्यांत चालकाच्या कक्षात हीटर बसविलेला असतो. आपल्या भागात त्याची गरज वर्षातून थोडेच दिवस भासते. त्यामुळे त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु हीटर बंद ठेवला तरी अनेक गाड्यांत इंजिनाचे पाणी त्यातून फिरतच असते. म्हणून हीटरची गळती ही इंजिनाचीच गळती होय, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

हीटरची रचना

डॅशबोर्डच्या आत बारीक नळ्यांची एक जाळी असते. तिला लहान रेडिएटरच म्हणता येईल. इंजिन थंड राखून तापलेले पाणी एका रबरी नळीने या जाळीत येते व दुसऱ्या नळीने पंपाकडे परत जाते. जाळीवरून पंख्याची हवा गेली म्हणजे ती ऊन होऊन कक्षात येते. जाळीस बारीकसे छिद्र पडले, तरी दाबाखालील पाणी त्यातून सतत बाहेर पडते. पाणी कमी झाल्यावर इंजिन तापते, सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते आणि किरकोळ दुरुस्तीच्या जागी मोठा खर्च उभा राहतो. भर उन्हाळ्यात मोसंबीने भरलेली गाडी रस्त्यात अडकली, तर मालाचेही नुकसान होते.

गळतीची लक्षणे

जमिनीवर थेंब दिसत नाही, पण रेडिएटरमधील पाणी वारंवार कमी होते. पायांखालची चटई ओली व चिकट लागते. कक्षात गोडसर वास येतो. समोरच्या काचेवर तेलकट वाफ धरते. यांपैकी दोन लक्षणे एकत्र आढळल्यास हीटरची तपासणी करावी. वातानुकूलन यंत्राचे पाणी स्वच्छ व वासरहित असते. पावसाचे पाणी केवळ पावसातच झिरपते. या दोहोंचा भेद आधी करून घ्यावा. नळ्यांच्या क्लिपा सैल आहेत काय, हेही पाहावे. कारण पुष्कळदा दोष जाळीत नसून क्लिपेत असतो.

तापमानाच्या काट्यावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. पाणी फारच कमी झाले व मापक कोरडा पडला, तर इंजिन तापूनही काटा खालीच राहू शकतो.

तात्पुरता उपाय

आपल्या हवामानात हीटर वगळून गाडी चालविणे हा सोपा व अल्पखर्ची उपाय आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम असता रेडिएटरचे टोपण कदापि उघडू नये. बंद टोपणाच्या दाबामुळे आतील पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वरही न उकळता राहते आणि टोपण काढताच उसळून अंगावर येते.

थंड झाल्यावर खाली पसरट भांडे ठेवून थोडे पाणी काढावे. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या जाळीच्या बाजूने सोडवाव्यात. नळी चिकटली असल्यास पिरगाळू नये, चाकूने उभी चिरावी. पिरगाळल्याने जाळीचे तोंड तुटते. नंतर त्या दोन नळ्यांची टोके त्याच मापाच्या धातूच्या नळीने जोडून दोहोंकडे क्लिपा घट्ट कराव्यात. नळीला तीव्र मुरड पडू देऊ नये. टोके बुचाने बंद करण्यापेक्षा अशी जोड बरी. कारण काही इंजिनांत या मार्गाने पाणी फिरत राहणे आवश्यक असते.

त्यानंतर पाणी भरून, टोपण उघडे ठेवून इंजिन मंद चालवावे. बुडबुडे थांबून वरची मोठी नळी गरम झाली, म्हणजे आतील हवा निघाली असे समजावे. मग इंजिन बंद करावे. ते थंड झाल्यावर पातळी भरून टोपण लावावे व दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी. हीटर वगळल्यावर पावसाळ्यात काचेवरील वाफ ऊन हवेने जाणार नाही. यासाठी काच पुसण्यास कोरडे फडके जवळ बाळगावे.

कायमची दुरुस्ती

जाळी तांब्या-पितळेची असल्यास रेडिएटरचा कारागीर ती झाळून देऊ शकतो. ॲल्युमिनियमची जाळी साध्या झाळकामाने टिकत नाही. ती बदलणेच हिताचे. जाळी बदलताना जुन्या नळ्या व क्लिपाही बदलाव्यात. गळती थांबविण्यासाठी पाण्यात हळद वा तत्सम चूर्ण टाकण्याचा प्रघात आहे. त्याने क्षणभर छिद्र बुजते, परंतु मुख्य रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात.

मूळ कारण

आपल्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात बहुधा चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ठिबक संचाच्या ड्रिपरवर जो पांढरा थर बसतो, तसाच थर तापलेल्या पाण्यातून जाळीतही बसतो. त्याने उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. नुसते पाणी वापरल्यास गंजरोधक द्रव्ये न मिळाल्याने धातू आतून खात जातो. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट घालावे व नेमल्या मुदतीस ते बदलावे. निरनिराळ्या प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत. ठिबक संच धुण्याचे आम्ल रेडिएटरमध्ये मुळीच वापरू नये. ते ॲल्युमिनियम खाऊन टाकते.

जनावरांची काळजी

बहुतेक कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड, परंतु विषारी असते. गुरे, कुत्री व लहान मुले त्याकडे आकर्षित होतात. सांडलेले द्रव ताबडतोब माती टाकून शोषून घ्यावे व ती माती उचलून दूर करावी. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे. ते गोठ्यापाशी, पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

ट्रॅक्टरच्या पाण्याच्या अभिसरणाचे तत्त्वही हेच आहे. हंगामापूर्वी दोन्ही वाहनांच्या नळ्या, क्लिपा व पाण्याची पातळी शेतकरी बंधूंनी एकदा पाहून घेतल्यास ऐन तोडणीच्या दिवसांत गाडी अडून राहणार नाही.