दिग्दर्शकावर पीएचडी करायचीय? मग आधी ‘सिनेमा कोणाचा?’ हे विचारा

सिनेमावर संशोधन करू इच्छिणाऱ्या दहा जणांना टॉपिक विचारला, तर निम्म्यांचं उत्तर एकाच साच्यातलं असतं: ‘अमुक दिग्दर्शकाचे चित्रपट : एक चिकित्सक अभ्यास’. वाईट काही नाही त्यात. पण कमिटीसमोर पहिला प्रश्न येतो, ‘यात तुमचा प्रश्न काय आहे?’ आणि तिथे गाडी अडते. कारण दिग्दर्शकाचं नाव हा विषय झाला, प्रश्न नव्हे. या लेखात आपण विषयाकडून प्रश्नाकडे कसं जायचं ते बघू. त्यासाठी आधी समीक्षेच्या इतिहासातलं एक भांडण समजून घ्यावं लागेल.

सिनेमाचा ‘लेखक’ म्हणजे दिग्दर्शक, हे आज आपण गृहीतच धरतो. पण ही समजूत तयार झालेली आहे, आणि तिला तारीख आहे. जानेवारी 1954 मध्ये फ्रान्सच्या ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकात फ्रान्स्वा त्रुफो याने एक जहाल लेख लिहिला. वय अवघं 21. त्याचा रोख होता तेव्हाच्या प्रतिष्ठित फ्रेंच सिनेमावर. कादंबऱ्यांची गुळगुळीत रूपांतरं करणारे पटकथाकारच तिथे खरे मालक, दिग्दर्शक नुसता त्यांच्या पानांना चित्रं जोडतो, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे बघा, मुळात हा सिद्धान्त नव्हताच. तो एका पिढीने दुसऱ्या पिढीशी काढलेला वाद होता.

त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं अमेरिकेच्या अँड्र्यू सॅरिस यांनी, 1962 च्या लेखात. त्यांनी तीन कसोट्या मांडल्या: दिग्दर्शकाचं तांत्रिक कौशल्य, अनेक चित्रपटांतून ओळखू येणारी त्याची शैली, आणि त्याचं व्यक्तिमत्त्व व हाती आलेली सामग्री यांच्या ताणातून निर्माण होणारा आंतरिक अर्थ. यालाच आपण ‘ऑतर थिअरी’ म्हणतो. पुढच्याच वर्षी पॉलिन केल यांनी ती सोलून काढली. कौशल्य ही प्राथमिक अट झाली, ती मोठेपणाची खूण कशी? एखादा माणूस तेच ते पुन्हा करतो म्हणून तो थोर ठरतो का? हे प्रश्न आजही लागू पडतात. एखाद्या दिग्दर्शकाच्या पाच चित्रपटांत पाऊस दिसला की आपण लगेच ‘शैली’ म्हणून मोकळे होतो ना?

आता खरा धडा पुढे आहे. 1971 मध्ये याच केल यांनी ‘सिटिझन केन’ (1941) वर एक दीर्घ निबंध लिहिला. पडद्यावर पटकथेचं श्रेय हर्मन मँकिविझ आणि ऑर्सन वेल्स या दोघांना आहे. केल यांचं म्हणणं, पटकथा जवळजवळ सगळी मँकिविझची. निबंध वाचायला भन्नाट, आणि खूप गाजला. मग रॉबर्ट कॅरिंजर या अभ्यासकाने काय केलं? प्रतिनिबंध लिहून वाद घातला नाही. स्टुडिओची कागदपत्रं काढली, पटकथेचे एकामागून एक खर्डे क्रमाने लावले आणि कुठल्या टप्प्यावर काय बदललं ते तपासलं. निष्कर्ष असा निघाला की कथेचा सांगाडा आणि पात्रं यांत मँकिविझचा वाटा मोठा आहे, पण अंतिम रूपात वेल्सचं कामही भरीव आहे. केल यांच्या दाव्याचा पाया इथे खचला.

समीक्षा आणि संशोधन यांतला फरक इथे दिसतो. समीक्षक चांगलं मत देतो. संशोधकाला ‘हे कशावरून?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. 1936 चा ‘संत तुकाराम’. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट. दिग्दर्शक कोण? विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, दोघे. इथेच ऑतर थिअरीची पंचाईत होते, कारण ‘एक व्यक्तिमत्त्व’ आणायचं कुठून? प्रभातमध्ये दामल्यांची ओळख ध्वनीचे जाणकार म्हणून, तर फत्तेलालांची कलादिग्दर्शक म्हणून. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. त्यांच्या देहबोलीतला मऊपणा दिग्दर्शकांचा की रंगभूमीचा?

त्यात आणखी एक गंमत आहे. या चित्रपटात शांताराम आठवल्यांनी अभंगाच्या धाटणीने लिहिलेलं एक गाणं आहे. ते इतकं बेमालूम उतरलं की पुष्कळांना ते तुकोबांचंच वाटलं. तुम्ही ‘चित्रपटातील तुकारामांचे अभंग’ असं प्रकरण लिहिलंत आणि गाथा उघडून पडताळणी केली नाहीत, तर व्हायवात नेमकं इथेच पकडले जाल.

मग प्रभातवर संशोधन करायचं, तर प्रश्न कसा असावा? एक नमुना देतो. 1937 चा ‘कुंकू’ घ्या. दिग्दर्शक व्ही. शांताराम. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते, ही त्याची कथा. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगातले आवाजच ते काम करतात. समीक्षक याला शांतारामांची कल्पकता म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण लक्षात घ्या, ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या दोन्हींचे संगीतकार एकच आहेत, केशवराव भोळे. स्टुडिओही एकच. दिग्दर्शक तेवढे वेगळे. म्हणजे तुलना करायला आयतीच जोडी मिळाली! आता प्रश्न असा बनतो: ‘1936-37 च्या प्रभातपटांत ध्वनीविषयीचे निर्णय दिग्दर्शकानुसार बदलतात, की स्टुडिओची म्हणून एक सामाईक पद्धत दिसते?’

बघा, या प्रश्नाला हद्द आहे, पुरावा शोधता येतो, आणि उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं. ‘शांतारामांचे चित्रपट : एक अभ्यास’ यात उत्तर आधीच ठरलेलं असतं, ते म्हणजे ‘शांताराम थोर होते’.

पुरावा कुठे शोधाल? पहिला स्रोत स्वतः चित्रपट. प्रसंगवार तक्ता करा: कुठे गाणं, कुठे नुसता आवाज, कुठे शांतता. दुसरा, त्या काळची गाण्यांची पुस्तकं, जाहिराती आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापासून सुरुवात करा. तिसरा, आठवणी. शांतारामांचं ‘शांतारामा’ आहे, आठवल्यांचं ‘प्रभातकाल’ आहे. पण ही पुस्तकं घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेली आहेत. आठवणीत प्रत्येक जण स्वतः जिथे उभा होता तिथून बोलतो. म्हणून एका आत्मचरित्रावर निष्कर्ष उभा करू नका. दोन आठवणी जुळत नसतील तर घाबरू नका, उलट ती जागा नीट नोंदवून ठेवा. बऱ्याचदा एखादं प्रकरण तिथूनच निघतं.

‘म्हणजे दिग्दर्शकावर काम करायचंच नाही का?’ असं तुम्ही विचाराल. जरूर करा. फक्त दिग्दर्शकाचं श्रेय हे गृहीतक म्हणून मांडा आणि त्याला तपासाला लावा. ज्या निर्णयाबद्दल बोलताय तो नेमका कोणता, तो घ्यायला आणखी कोण हजर होतं, आणि तुमचं म्हणणं चुकीचं ठरायचं असेल तर कोणता कागद सापडायला हवा, या तीन प्रश्नांची उत्तरं सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका पानावर उतरवा. तिसऱ्याला उत्तर सुचत नसेल, तर टॉपिक अजून कच्चा आहे असं समजा. गाईडकडे जाण्याआधी आणखी एक आठवडा त्यावर घालवा.