हनुक्का नव्हता, म्हणजे काय सिद्ध झालं?

समजा, एखाद्या समाजाच्या वर्षभराच्या सणांची जुनी यादी तुमच्या हाती आली. तो समाज इथे कधी आला, हे त्यावरून सांगता येईल? कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या बाबतीत हा प्रयत्न झालाय. संशोधनाला बसण्याआधी तो बघाच.

आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या सणांची नावंही मराठीच. नववर्षाचा रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूरला दारं लावून उपास करायचा, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. पुरिम म्हणजे ‘होळीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास तो ‘बिरड्याचा सण’, वालाच्या बिरड्यावरून. हाईम सॅम्युएल केहिमकर या समाजातल्याच अभ्यासकानं १८९७मध्ये लिहिलेल्या आणि १९३७मध्ये छापलेल्या इतिहासात हे सण नोंदवलेत.

या जुन्या सणांत हनुक्का नाही. हनुक्काचा संबंध इ.स.पू. १६४च्या सुमारास झालेल्या मंदिराच्या शुद्धीकरणाशी आहे. त्यावरून असं मांडलं गेलं, की यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असणार.

पटतं ना? आता भोकं बघू.

पहिलं: ‘कधीच नव्हतं’ आणि ‘होतं, पण विसरलं’ या दोन्ही गोष्टी यादीत सारख्याच दिसतात. हनुक्काची कथा हिब्रू बायबलमध्ये नाही. इतर ज्यूंपासून शतकानुशतकं तुटलेल्या समाजात असा सण सहज मागे पडू शकतो.

दुसरं: यादी एका काळाची नाही. एलूल महिन्यातल्या उपासांना हे लोक ‘रमजान’ म्हणत. हे नाव इस्लामच्या आधीचं असूच शकत नाही. म्हणजे यादीत वेगवेगळ्या शतकांचे थर आहेत.

तिसरं: नाव म्हणजे सण नव्हे. ‘होळीचा सण’ ऐकून लगेच ‘हिंदूंकडून घेतला’ असं लिहू नका. दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येनंतर सुरू होतो, दोन्हींत अधिक महिना असतो. पुरिम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, होळी फाल्गुन पौर्णिमेला. २०२५मध्ये होळी १३ मार्चला पेटली, पुरिमही त्याच संध्याकाळी सुरू झाला. शेजाऱ्याला तारीख सांगायची सोय म्हणूनही हे नाव पडलं असेल.

आणि आज अलिबागला जाऊन मुलाखती घेतल्यात तर? हनुक्काचे दिवे दिसतील. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोचीन आणि बगदादच्या ज्यूंशी संपर्क वाढला, तसे सण आणि त्यांची हिब्रू नावं परत रुजली. आजची प्रथा थेट मागे ढकललीत, तर उलटी चूक होईल.

म्हणून एक सवय लावून घ्या. साधनात काही ‘नाही’ असं दिसलं, की त्याची किमान दोन कारणं लिहा. मग त्या दोघांपैकी एकच टिकेल असा पुरावा कोणता, ते लिहा. तो मिळत नसेल, तर निष्कर्षात ‘सिद्ध होतं’ खोडून ‘सुसंगत आहे’ लिहा. हनुक्काचा अभाव जुन्या स्थलांतराशी सुसंगत आहे, बस्स. कुणाच्या पूर्वजांची तारीख ठरवताना एवढी काळजी तर घ्यायलाच हवी.