साखर आटोक्यात, मग झटका कसा आला?

वर्धा-आर्वी रस्त्यावरील आंजी (मोठी) येथील एक शेतकरी बारा वर्षे माझ्याकडे मधुमेहाचे उपचार घेत होते. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा. एका सकाळी कपाशीच्या शेतात त्यांना दरदरून घाम सुटला, दम लागला. छातीत दुखले नाही, म्हणून 'गॅस झाला असेल' असे समजून ते दुपारपर्यंत झाडाखाली पडून राहिले. तो हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण हृदय कायमचे अशक्त झाले. पुढे त्यांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, साखर तं बराबर होती, मंग हे कसं झालं?"

यात चूक माझीही होती. दर खेपेला साखरेचा आकडा पाहून मी गोळ्या लिहून देत होतो. वाढता रक्तदाब आणि खिशातली खर्र्याची पुडी यांकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही.

वाचकहो, मधुमेहात रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते व तेथे चरबी साचते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांमुळे ही हानी आणखी वेगाने होते. डेन्मार्कमध्ये १६० मधुमेही रुग्णांवर सुमारे आठ वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल या तिन्हींवर एकत्र उपचार झाले, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले.

म्हणून मधुमेही व्यक्तीने साखरेबरोबर रक्तदाबही नियमित मोजावा. तो साधारणपणे १३०/८० च्या आत असावा. आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासण्या करता येतात. कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासावे. चाळिशीनंतर बहुतेक मधुमेही रुग्णांना स्टॅटिनची गोळी लागते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी व मनाने बंद करू नये. दिवसभरात मीठ एका लहान चमच्याहून अधिक नको. लोणचे-पापडातले मीठही त्यातच धरावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. खर्रा, बिडी पूर्ण सोडावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे झटक्यात छाती दुखेलच असे नाही. अचानक घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यात, हातात कळ आली तर वाट पाहू नका. साखर कमी झाल्यानेही घाम सुटतो. रुग्ण शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. पण लगेच बरे वाटले नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

ते शेतकरी आता दर महिन्याला येतात. खर्रा सुटला आहे. खुर्चीवर बसताच आधी सदऱ्याची बाही वर करतात आणि म्हणतात, "साखर मागून पाहा, पहिले बीपी मोजा." बारा वर्षांपूर्वीच मी त्यांना ही सवय लावायला हवी होती.