कोटितीर्थ, कोकण आणि शिवडीचे पाणी

महाराष्ट्राच्या निसर्गचित्रकलेचे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचे दप्तर उलगडून पाहू लागले म्हणजे, १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेने आपल्या चित्रकारांच्या हाताला वळण लावले ही गोष्ट जशी निर्विवादपणे प्रत्ययास येते, तसेच हेही प्रकर्षाने जाणवते की, यांपैकी ज्या दोघांची निसर्गचित्रे माझ्या मनात कायमची वस्तीला आली आहेत त्यांना दृष्टी लाभली ती आपल्याच मुलखातील पाण्याच्या दीर्घ सहवासातून.

त्यांतले पहिले कोल्हापूरचे आबालाल रहिमान. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईस येऊन ते कलाशाळेत शिकले आणि व्हाइसरॉयच्या पदकाचे मानकरी ठरले. अशा गुणवंताला येथील धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवून कीर्ती आणि द्रव्य ही दोन्ही संपादन करणे मुळीच अवघड नव्हते. तथापि ते कोल्हापुरास परतले, आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी विरक्तासारखे राहून त्याच जलाशयाची, त्याच वृक्षांची, त्याच आकाशाची बदलती रूपे प्रहराप्रहराने न्याहाळीत व रंगवीत राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा आश्रय दिला; परंतु संस्थानच्या नेमणुकीनेही त्यांचे चित्त त्या काठावरून ढळले नाही. १९२२ साली महाराजांचे मुंबईत निधन झाले तेव्हा शोकावेगाने आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थातच विसर्जित केली, असे कोल्हापुरात सांगतात. ही आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, ज्या माणसाविषयी ती सांगितली जाते त्याचे त्या पाण्याशी असलेले नाते तिच्यातून यथार्थपणे व्यक्त होते, असे मला वाटते. १९३१ साली ते निवर्तले.

मुंबईच्या गिरणगावात, काळाचौकीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला या वृत्तान्तात आणखी एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. शाहू महाराजांनी १९०६ साली स्थापन केलेली कापडगिरणी याच कोटितीर्थाच्या परिसरात उभी राहिली. म्हणजे आबालालांचा तलाव मनुष्यवस्तीपासून दूर, अरण्यात दडलेला नव्हता. गिरणीच्या शेजारी राहूनही त्यांना त्यात आयुष्यभर पुरेल एवढे सौंदर्य आढळले.

दुसरे प्र. अ. धोंड (१९०८-२००१). कोकणच्या किनाऱ्याचे संस्कार घेऊन आलेल्या या चित्रकाराने जे. जे.त अध्यापन केले, पुढे त्या संस्थेचे अधिष्ठातापद भूषविले, आणि सरकारी कारभाराचा व्याप सांभाळूनही जलरंगांत समुद्र रंगविण्याचा ध्यास अखेरपर्यंत सोडला नाही. ओल्या कागदावर रंग पसरत असता तो कोठे मोकळा सोडावा आणि कोठे आवरावा, याचा निर्णय क्षणार्धात करावा लागतो. तेथे चुकीची दुरुस्ती जवळजवळ नाहीच. तो निर्णय अचूक होण्यासाठी लाट आधी डोळ्यांत मुरलेली असावी लागते, आणि धोंडांच्या सागरचित्रांत ती तशी मुरलेली दिसते. 'रापण' या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकामुळे साहित्यरसिकही त्यांना ओळखतात. तरी त्यांचे श्रेष्ठत्व मी त्या चित्रांतच मानतो.

आमच्या काळाचौकीतील घराघरांतून कोकणातला समुद्र मनात बाळगणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, पण पूर्वेस हाकेच्या अंतरावर असलेल्या शिवडीच्या खाडीकडे आमचे लक्ष फारसे गेले नाही. तेथे ओहोटीला उघडी पडणारी विस्तीर्ण दलदल आहे, कांदळवन आहे, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मुक्कामास येणारे रोहित पक्षी आहेत, जुना किल्ला आहे, आणि २०२४ साली खुला झालेला अटल सेतूही तेथूनच समुद्रात शिरतो. आमच्या विभागातील ज्या मुलामुलींचा हात चित्रकलेत चालतो, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, निसर्गचित्रासाठी माथेरान-महाबळेश्वरची वाट पाहत न बसता त्यांनी रंगपेटी घेऊन शिवडीच्या धक्क्यावर जावे. आणि एकदा जाऊन न थांबता, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, सर्व ऋतूंत त्याच धक्क्यावर पुनःपुन्हा बसावे.